वहीतल्या सालाची बांगडी

एक होती सगुणा कासारीण, एक तिचा नवरा आबाजी, आणि नाक्यावर बसायचा त्र्यंबकशेट सराफ. गाव निजामाच्या राज्यात, तिथं हाली रुपया चाले. ओढ्यापलीकडे इंग्रजांचा कळदार, आणि बांगड्यांचा माल मिळे पलीकडेच. हालीचे कळदार नि कळदारचे हाली शेटच करून द्यायचा.

जत्रेचा माल आणायला आबाजी एकशे सोळा हाली घेऊन निघाला. आजच्या भावानं शंभर कळदार मिळायचे, तर शेटनं ब्याऐंशीच दिले. म्हणाला, "हाली घेताना बारा वर्षांमागचा भाव. वहीत लिहिलाय." तेवढ्या पैशांत माल येईना, म्हणून आबाजीनं कळदार परत केले, तर शेटनं आजच्या भावानं पंच्याण्णव हाली हातावर ठेवले.

आबाजी बोटांवर मोजत घरी आला. "अगं, खाल्लं नाही, प्यालो नाही. एकवीस रुपये गेले कुठं?"

त्यानं वहीतल्या जुन्या भावाचं सांगितलं, तशी सगुणाही चक्रावली. "भाव कुठल्या सालचा म्हणाला?"

"बारा वर्षांमागचा."

दुसऱ्या दिवशी शेटच्या घरी मुंज. सगुणा शेटाणीला बांगड्या भरायला बसली. बांगडी पेरांवरच अडली, हात लाल झाला.

शेट तडकला, "माप दिसत नाही का तुला?"

"वहीतल्या सालाचं माप आहे, शेट. बारा वर्षांमागं वहिनींना हीच बांगडी सैल व्हायची."

"अगं, तेव्हापासून हात वाढला की तिचा."

"हात वाढला, मग आमचा रुपयाच तेवढा वाढायचा राहिला होय?"

पाहुणे खो खो हसले. शेटाणी म्हणाली, "आधी हिचा रुपया वाढवा, मग माझा हात सोडवा."

शेटनं पंच्याण्णव हाली घेऊन, गेलेले एकवीस धरून, पुरे शंभर कळदार मोजले. त्या जत्रेत सगुणाचं दुकान असं भरलं, की कासारांच्या घरात पुढं कधी रिकामी टोपली दिसली नाही.