ब्रॅकनशॉच्या देवळात देवाकडे पाठ का करतात

या, आत या. चपला त्या फळीवर ठेवा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आज आरती संपली की सगळी मंडळी देवाकडे पाठ करून उभी राहतील आणि कोणी चकार शब्द काढणार नाही. तेव्हा उगाच कपाळाला आठ्या घालू नका. मागे एक गृहस्थ आले होते, त्यांनी मला तिथल्या तिथे धर्म शिकवायला घेतला. मी म्हटलं, साहेब, बसा, चहा घ्या, आधी ऐका आणि मग काय रागवायचं ते रागवा.

ब्रॅकनशॉ हे गाव गिरण्यांनी वसवलेलं. जितक्या गिरण्या तितकी प्रार्थनाघरं. तुम्ही बसमधून उतरून चढ चढून आलात, तेव्हा उजव्या हाताला उंच मनोऱ्याचं चर्च दिसलं असेल. तिथे आता गालिचे विकतात. त्याच्या पुढच्या चॅपेलमध्ये, म्हणजे साध्या लहान चर्चमध्ये, गुरुद्वारा आहे. कापसाच्या कोठारात मशीद, आणि कोपऱ्यावरचं पोलिश लोकांचं चर्च अजून जसंच्या तसं चालू आहे. आमचं दत्ताचं देऊळही पूर्वी चॅपेलच होतं, विणकरांचं. घर घेतलं की आधीच्यांचं काहीबाही मागे राहिलेलं सापडतं ना, तसं इथेही झालं. आमच्या वाट्याला तो मागचा सज्जा आला. वर बघा, दोन रांगा लाकडी बाकांच्या. पूर्वी तिथे गिरणीतल्या बायका बसत, आता कोणी बसत नाही.

आणि ही भिंतीवरची संगमरवरी पाटी. अकरा बायकांची नावं आहेत, आणि खाली लिहिलंय की या अकराजणी आगीत गात गात देवाघरी गेल्या. ते खोटं आहे.

दीडशे वर्षं होत आली म्हणे. चॅपेल बांधणारा मालक आणि पलीकडच्या गिरणीचा मालक एकच. गिरणीत आवाज इतका की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे, म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ मोठे मोठे हलवायचे. समोरची वाचणार. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सासूच्या चहाड्या चालायच्या, मुकादमाला पत्ता नाही. मीसुद्धा परळच्या गिरणीत आणि मग इथे मिळून तीस वर्षं मागावर काढली, मला ही भाषा तोंडपाठ आहे.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या बायका मधेच जिन्यात वारा घ्यायला जातात म्हणून मालकाने जिन्याचं दार बाहेरून बंद करायला सांगितलं. किल्ली असे सॅम नावाच्या मुकादमाकडे. मार्चमधल्या एका दुपारी सॅम कुलूप लावून जेवायला गेला आणि वर आग लागली. समोरच्या इमारतीत, तेवढ्याच उंचीवर, हॅना नावाची विणकर होती. तिच्या मजल्यावरच्या सगळ्या खाली पळाल्या, ती एकटी खिडकीशी खिळून राहिली. पलीकडच्या काचेशी अकराजणी आल्या. अंगणातल्या लोकांना खालून धुराशिवाय काही दिसत नव्हतं. हॅनाला मात्र ओठ स्पष्ट दिसले. त्या म्हणत होत्या, दार बंद आहे, दार बंद आहे.

चौकशी इथेच बसली, याच चॅपेलमध्ये. न्यायाधिकाऱ्याने बायबलवर हात ठेवायला लावून हॅनाला विचारलं, बाई, शेवटी त्या काय म्हणत होत्या? आता ऐका, सॅम हा हॅनाचा पाठचा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. ती खरं बोलली असती तर तो फासावर गेला असता, मालक नामानिराळा राहिला असता. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, त्या भजन गात होत्या.

सगळा गाव हमसून हमसून रडला म्हणे. मालकाने ही पाटी बसवली. सॅम सुटला आणि महिन्याभरात जहाजाने कुठे निघून गेला, त्याने बहिणीला एक पत्रही टाकलं नाही. आणि हॅनाची वाचा बसली. चॅपेलमध्ये सगळ्यात गोड गळा तिचा, पण त्या दिवसानंतर तिच्या तोंडून सूर उमटला नाही. पुढे एकतीस वर्षं ती पहिल्या बाकावर, सज्ज्याकडे पाठ करून, मान खाली घालून बसत राहिली. तिथेच, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आगीत गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, बसल्या जागी गेली असं सांगतात.

तेव्हापासून धर्मोपदेशक टिकेनात. का, ते बघा. लोकांची सज्ज्याकडे पाठ, तोंड तिकडे फक्त उपदेशकाचं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुस्तकातून मान वर करी आणि पांढराफटक पडे. एकामागून एक तिघेजण गाव सोडून गेले. चौथा शहाणा होता, त्याने त्या रविवारी डोळे मिटून उपदेश करायचा प्रघात पाडला.

पुढे गिरण्या बसल्या, माणसं पांगली, चॅपेल आम्ही घेतलं. मी समितीचा सचिव. उपदेशकाच्या जागी दत्ताची मूर्ती बसवली. दुसऱ्याच वर्षी, मार्चमध्ये, आरती झाल्यावर माझी बायको अनसूया तबक घेऊन लोकांकडे वळली आणि तिच्या हातातलं तबक खाली पडलं. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, सज्ज्यात बायका आहेत. दार बंद आहे म्हणतायत."

अनसूया इथल्या गिरणीत अकरा वर्षं होती. तिला इंग्रजी ऐकून फारसं कळत नसे, ओठ बघून सगळं कळे. तिने पाटी वाचली होती, आगीचा महिनाही जुळत होता. मला म्हणाली, "ती पाटी खोटी आहे. सगळ्यांना सांगायला हवं."

मी काय म्हणालो ठाऊक आहे? आम्ही नवे, परके. त्या पाटीला फुलं वाहायला जुन्या चॅपेलची गोरी मंडळी दरवर्षी येत, नगराध्यक्ष येत. म्हटलं, "आपण त्यांच्या मेलेल्यांना खोटं पाडायचं? उद्या खिडक्यांवर दगड येतील. तू तोंड बंद ठेव." एकदा नाही म्हणालो, सहा वर्षं म्हणत राहिलो. ती गप्प राहिली. इतकी गप्प राहिली की आरती म्हणायची थांबली, मग घरात गुणगुणायची थांबली. सातव्या वर्षी त्या रविवारी बघतो तर अनसूया पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेली. थेट हॅनासारखी. पण मी तेव्हाही काही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

फुलं घेऊन आलेली मंडळी पाटीपाशी उभी होती. आरती संपली आणि अनसूया उठली. देवाकडे पाठ केली, सज्ज्याकडे मान वर केली, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठ्याने म्हणाली, "त्या गात नव्हत्या. दार बंद होतं. कुलूप होतं."

फुलं आणणाऱ्यांत डोरीन नावाची एक जुनी विणकर होती. ती हळूच वळली आणि तिने वर बघितलं. म्हणाली, "माझी आजीही विणकर, याच चॅपेलमध्ये यायची. मरताना या सज्ज्याचं नाव घेऊन हेच म्हणत होती, आम्ही तिला वेडी समजलो." दगड नाही आला हो एकही. नगराध्यक्षांनी टोपी काढली आणि ते तसेच उभे राहिले. मी सहा वर्षं ज्याला भ्यालो ते काही झालंच नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. अनसूया अजून वरच बघत होती. खरं बोलून झाल्यावर त्या बायकांचे ओठ बदलले म्हणे. अनसूयाने आणि डोरीनने दोघींनी ते वाचलं, आणि दोघींचं वाचन एकच निघालं. त्या म्हणत होत्या, "हॅना, वर बघ."

म्हणजे बघा. शंभर वर्षं, ज्यांना त्या दिसल्या ते समजत होते की त्या जाब विचारायला येतात. त्या आपल्या मैत्रिणीला हाका मारायला येत होत्या. आणि हॅना पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलेली, मेल्यावरसुद्धा.

अनसूयाने मग ठरवलं, हॅनाला एकटीला वर बघायची हिंमत होत नाही ना, मग आपण सगळे तिच्याबरोबर बघू. पाटी तशीच ठेवली, कारण हॅना भावापायी जे खोटं बोलली तेही तिचंच आहे. आजही मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहिल्या रांगेत हॅनासाठी एक सतरंजी रिकामी ठेवतात, आरती संपली की मराठी, गुजराती, गोरे सगळे देवाकडे पाठ करतात आणि नुसते ओठ हलवून म्हणतात, हॅना, वर बघ. देवाला राग येत नाही, तो तर वर्षभर त्या सज्ज्याकडेच बघत असतो. हॅनाने बघितलं की नाही, कोणाला ठाऊक नाही.

अनसूयाला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत मला तिला सांगायचं होतं की तू बरोबर होतीस, माझं चुकलं. रोज उशाशी बसायचो, औषधाचं विचारायचो, पाण्याचं विचारायचो आणि उठायचो.

तीन वर्षं सगळे वळतात, मी वळत नाही. आरतीचं तबक हातात आहे असं निमित्त करून दत्ताकडेच तोंड ठेवतो. डोरीन आता काठी टेकत येते. पहिल्याच वर्षी तिने मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाली, "शेलार, वर अकराच नाहीत, बाराजणी आहेत. बाराव्या बाईने साडी नेसली आहे. ती काहीतरी सांगते आहे, पण ते तुमच्या भाषेत आहे. मला वाचता येत नाही. तूच वळ."

दरवर्षी विचारते. मी अजून वळलेलो नाही.