शोणाने पाठ मोडला

पूर्वी हेमवती नदीच्या काठी सुदंत नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्यांच्या वस्तीत आचार्य होऊन राहिला होता. नदी पायी कुठून ओलांडावी, म्हणजे तिचा उतार कुठे आहे, हे तो मुलांना शिकवी. 'उंबरापासून वीस पावले सरळ, मग डावीकडे बारा' असा तो पाठ होता. आचार्याच्या आजोबांपासून त्यातला शब्दही बदलला नव्हता. मुलांनी तो एका सुरात म्हणायचा, मधे कोणी बोलायचे नाही, अशी तिथली शिस्त होती.

एके दिवशी शोणा नावाची आठ वर्षांची मुलगी पाठ म्हणता म्हणता थांबली. तिची आई नदीत मासे धरी आणि शोणा रोज तिच्याबरोबर पाण्यात असे. ती म्हणाली, "गुरुजी, डावीकडे आता डोह झालाय. यंदाच्या पुरानं वाळू वाहून गेली."

"पाठ म्हण," बोधिसत्त्व म्हणाला. मुले हसली. पुढे आणखी दोनदा तिने तोंड उघडले आणि दोन्ही वेळा त्याने तिला गप्प केले. पाठ त्याला उत्तम येत होता. पाण्यात पाय घालून मात्र त्याला दोन वर्षे झाली होती.

शरद ऋतूत परीक्षेचा दिवस आला. आईबाप काठावर जमले. मुले एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पाठ म्हणत पाण्यात उतरली. सर्वांत पुढे शोणाचा धाकटा भाऊ तिस्स होता. वीस पावले झाली. रांग डावीकडे वळली, तशी शोणा ओरडली, "तिस्सा, थांब!" पण तिस्सचा पाय सुटला होता. तो दिसेनासा झाला.

नावाड्यांनी उड्या घातल्या. त्याला वर काढून पालथा घातला, तेव्हा कुठे तो पाणी ओकला आणि रडू लागला.

बोधिसत्त्व धावत आला. त्याला पाहताच शोणा उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "गुरुजी, माझं चुकलं. मी पाठ मधेच मोडला. पुन्हा नाही मोडणार."

हे ऐकून बोधिसत्त्वाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाऊ बुडता बुडता वाचला होता आणि ही पोर आचार्याचीच क्षमा मागत होती! आपण तिला एवढेच शिकवले, हे त्याला कळले. तिच्याकडे त्याला बघवेना. सगळ्या आईबापांसमोर तो म्हणाला, "हिनं मला तीनदा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी तो मुलांच्या मागे पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "उतार कुठे आहे, ते मला दाखवा." मुले सवयीने पाठच म्हणू लागली. ते त्याला सोसावे लागले. शेवटी शोणाने उजवीकडे बोट दाखवले.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा तिस्स म्हणजे आज तुमच्यात बसलेला एक भिक्षू. शोणा म्हणजे आज सकाळी प्रश्न विचारताना तुम्ही जिला खाली बसवलेत, ती लहान श्रामणेरी, नुकतीच संघात आलेली शिकाऊ मुलगी. आणि तो आचार्य मीच होतो. लहानांचे ऐकून घेणे हा गुण मी त्या दिवशीच्या लाजेतून शिकलो. आता सांगा, सकाळी ती काय विचारत होती?"

एकाही भिक्षूला ते आठवेना.