प्रांजलच्या गुडघ्याची विश्रांती

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. सरांनी आमच्या अख्ख्या खो-खो संघाला शपथ घातली आहे. पण लिहू नका, असं काही ते म्हणाले नव्हते.

तर एका गावात एक भोळे सर होते. खेळाचे. नाव रणधीर. कुणी काही सांगितलं की ते शब्द न् शब्द पाळायचे. मुख्याध्यापक एकदा म्हणाले, "सरावाने सगळं साधतं." तेव्हापासून सराव सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. रविवारी सुट्टी, म्हणून पाच तास.

प्रांजल आमच्यातली सगळ्यात चपळ. वय तेरा. वर्षभरात चार बोटं उंच झाली आणि तिचा उजवा गुडघा दुखायला लागला, वाटीच्या भोवती. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. तिला एकच भीती होती, खेळ कायमचा सुटेल.

सर तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले.

"खेळ अति झालाय," बाई म्हणाल्या. "उजव्या गुडघ्याला विश्रांती द्या. बर्फाने शेका."

"बरं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर हुकूम सुटला, "प्रांजल, उजवा पाय वर! डाव्यावर लंगडी. दहा फेऱ्या." आठवड्याने डावा गुडघाही दुखायला लागला.

"अहो सर," बाई म्हणाल्या, "एकाला विश्रांती म्हणजे दुसऱ्यावर भार नव्हे! दोघांना सारखं वागवा."

"बरं."

मग उजव्या पायावर दहा फेऱ्या. सर खुशीत सांगायला गेले, "बाई, आता दोघे सारखे!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "वाढीचं वय आहे हो तिचं. हाडं वाढतायत, त्यात तुमचा हा सराव. खेळ कमी करा. वाढ पुरी झाली की दुखणं बहुतेक जाईल."

"बरं."

तालुक्याचा सामना शनिवारी होता. सरांनी प्रांजलला चिंचेच्या फांदीला लोंबकळत ठेवलं आणि खाली पट्टी घेऊन उभे राहिले.

"सर, हात दुखतायत!"

"थोडं थांब, पोरी. शनिवारच्या आत वाढ उरकायची आहे."

हे कळलं तेव्हा मात्र बाई ओरडल्या. "एकच लक्षात ठेवा! गुडघा दुखला की त्या क्षणी खेळ थांबवायचा. सामना असो, काही असो!"

"बरं."

शनिवारी प्रांजल झाडाखाली बसली होती, पाय पसरून. पहिल्यांदाच. आम्ही तिच्याविना खेळत होतो. जिंकायला एकच गडी बाद करायचा होता. सरांनी आनंदाने उडी मारली आणि त्यांचा गुडघा खुर्चीवर आपटला.

फुर्रर्र! शिट्टी वाजली.

"खेळ बंद! बाहेर या गं सगळ्या!"

"सर, कुणाचा गुडघा दुखला?"

"माझा."

पंचांनी समोरच्यांना विजयी केलं. प्रांजलचा गुडघा चार महिने दुखत होता, तेव्हा एक फेरीसुद्धा थांबली नव्हती.

"सर, कोणता गुडघा?" तिने झाडाखालून विचारलं.

"उजवा."

"मग डाव्यावर लंगडी घाला. दहा फेऱ्या."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली, उजवा पाय वर घेतला आणि अख्ख्या तालुक्यासमोर सुरू झाले. आम्ही मोजत होतो. सातव्या फेरीला त्यांचा डावा

आले गं आई! सर दारात आलेत, बर्फ मागायला. म्हणतात, आता दोघे सा