झुळूक आणि म्हाळूचा दोर

माणसाची आणि घोड्याची नुकतीच ओळख होत होती, त्या काळची ही गोष्ट.

नदीकाठच्या कुरणात झुळूक नावाची घोडी राहायची. म्हाळू धनगर दोर घेऊन आला की ती अशी हुलकावणी द्यायची, की त्याच्या हाती नुसती धूळ लागायची. "दोर दिसला की पळायचं," असं तिने साऱ्या कळपाला शिकवलं होतं.

एका दुपारी म्हाताऱ्या गंगी घोडीचं शिंगरू नदीच्या गाळात रुतलं. म्हाळू धावत आला. त्याने शिंगराला दोर बांधून जीव खाऊन ओढलं, पण ते आणखीच खोल रुतलं. मग दोराचं दुसरं टोक घेऊन तो घोड्यांकडे वळला. दोर दिसताच सगळा कळप उधळला.

"झुळके, माझ्या अंगात ताकद नाही गं!" गंगी ओरडली. "तू ये!"

सर्वांत पुढे पळणारी झुळूक थांबली. ती वळली, चालत म्हाळूसमोर आली आणि तिने मान खाली घातली. कळप लांब थांबून पाहत राहिला. म्हाळूने हळूच तिच्या छातीवरून दोर घेतला.

"आलीस, माय?" तो पुटपुटला.

झुळकीने खूर रोवून सारं अंग पुढे लोटलं आणि शिंगरू गाळातून काठावर आलं. म्हाळूने लगेच दोर सोडला, हात जोडले आणि तो मागे सरला.

तरणे घोडे दबकत जवळ आले. "झुळूकताई, शेवटी पकडलंच ना त्याने तुला?"

"नाही रे," धापा टाकत ती म्हणाली. "मीच त्याच्याकडे गेले होते."