चार की आठ?

"माई, साध्या लॅपटॉपला मेमरी किती असावी? चार की आठ?"

श्रीरंगच्या तोंडून शब्द निसटले आणि देवदरीच्या मठात एकाएकी सगळे गप्प झाले.

साळूमाईंनी त्याच्यापुढचं बेलाचं पान उचललं आणि पाण्याच्या तांब्यात सोडलं.

श्रीरंगच्या पायाखालची जमीन सरकली.

आज सूर्य मावळला की माई कायमचं मौन घेणार होत्या. या मठाची रीतच तशी. म्हातारपणी गुरूनं बोलणं सोडायचं, आणि त्याआधी प्रत्येक शिष्यानं बेलाचं एक पान पुढं ठेवून एकच प्रश्न विचारायचा. पान पाण्यात पडलं की प्रश्न झाला. दुसरं पान नाही.

श्रीरंगचा प्रश्न कधीपासून तयार होता. गावी वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, बहीण वत्सला एकटीच सगळं करतेय. आणि इथं दीक्षा तोंडावर आलेली. जावं की राहावं? या विचारानं त्याचा जीव अर्धा झाला होता. तरी स्वारीनं तो प्रश्न जड जड शब्दांनी चांगला मढवून ठेवला होता. ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटं घालावीत, एवढी हौस होतीच.

आणि पान ठेवता ठेवता नेमका फोन वाजला. मठाच्या खरेदीला गेलेला लिंबाजी तालुक्याच्या दुकानातून ओरडत होता, "मठाच्या लॅपटॉपला मेमरी किती सांगू? माणूस खोळंबलाय!" फोन कानाला तसाच लावून श्रीरंगनं मान वर केली, आणि...

"माई, हा माझा प्रश्न नव्हता!"

"विचारलास ना?"

"अहो, पण तो लिंबाजी..."

"लिंबाजी कुठं बसलाय समोर? तू बसलायस."

मागं कुणीतरी चुकचुकलं. श्रीरंगला रडू फुटायचंच बाकी होतं.

"आता सांग," माई म्हणाल्या, "मेमरी म्हणजे काय? मला कळेल असं."

"स्वयंपाकघरातला ओटा समजा, माई. काम चालू असताना जे जे उघडं असतं ते ओट्यावर. आणि स्टोरेज म्हणजे कोठी. काम झालं की उचलून आत ठेवायचं."

"तू काय ठरवलं होतंस?"

"कोठी एक टीबीची. तुमची सगळी निरूपणं मावतील." त्याच्या आवाजात जरा जुना तोरा आला. "ओटा मग चार जीबीचा. स्वस्तात बसतं."

"कोठी कमी पडली तर?"

"बाहेरून जोडता येते."

"आणि ओटा?"

श्रीरंग अडखळला. "या स्वस्तातल्या यंत्रांत... बरेचदा तो पक्काच बसवलेला असतो. नंतर वाढत नाही."

"मग?"

"मग... ओटा आठचा. कोठी लहान चालेल, दोनशे छप्पन्न जीबीची." स्वतःचंच उत्तर ऐकून तो चक्रावला.

"सांग त्याला."

त्यानं फोनमध्ये ते पुटपुटलं आणि फोन बंद केला. संपलं? इतकी वर्षं ज्यांच्या पायाशी बसलो, त्यांना शेवटी हे विचारलं?

माई मात्र अजून त्याच्याकडेच बघत होत्या. "आठ पुरेल ना रे?"

"साध्या कामाला पुरेल."

"तू काय काय उघडं ठेवणार?"

"तुमचं निरूपण ऐकायचं. लिहून घ्यायचं. आणि बाजूला बाबांचा व्हिडिओ कॉल. वत्सला फोन त्यांच्या उशाशी ठेवते. आत्ताही मी तसंच करतो, दोन फोनवर."

"निरूपण चालू असताना?"

"हो."

"बोलतोस त्यांच्याशी?"

"नाही... नुसते दिसतात."

"आणि मी काय म्हणाले ते?"

"ते... रेकॉर्ड होतं."

बाबा नुसते दिसतात. माई नुसत्या रेकॉर्ड होतात. काल माई काय बोलल्या? त्याला एक वाक्यही आठवेना.



"माई," तो कसाबसा म्हणाला, "असं सगळंच उघडं ठेवलं तर आठही पुरायचे नाहीत. सोळाही नाहीत."

खिडकीतलं मावळतीचं ऊन भिंतीवरच्या वरच्या फळीपर्यंत चढलं होतं. हातातला फोन थरथरला. वत्सलाचं नाव.

तेवढ्यात माईंनी तांब्यात हात घातला. ओलं पान बाहेर काढलं आणि श्रीरंगच्या तळहातावर ठेवलं.

मठातली म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

श्रीरंगनं तोंड उघडलं. मढवलेला एकही शब्द येईना.

"माई... जाऊ की..."

"दोन्ही उघडं नको. एक मिटव, श्रीरंगा."