शेठची सबब आणि गुरुजींची चाके

एकदा एक शिष्य होता, आणि त्याला धुराचा जितका तिटकारा होता त्याहून अधिक धूर करणाऱ्यांचा होता. त्याचे नाव सांगत नाही. असा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच, आणि नाव घेतले तर चार जण माझ्याशीच भांडायला येतील.

हा शिष्य गावाबाहेरच्या टेकडीवर एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात राहत असे. आचार्यांना सारा गाव गुरुजी म्हणे. गुरुजींनी उभ्या आयुष्यात इंजिनाचे वाहन बाळगले नव्हते. त्यांची एक जुनी सायकल होती. तिच्यावरून ते टेकडी उतरत, बाजारपेठ ओलांडून नदीपलीकडच्या वस्तीवर शिकवायला जात आणि येताना चढणीला ती हातात धरून वर आणत. याविषयी त्यांनी कधी कोणाला उपदेश केला नाही. ते काम शिष्याने आपण होऊन अंगावर घेतले होते. भर बाजारात तो मोटारवाल्यांना थांबवी आणि त्यांना हवेची, फुप्फुसांची आणि पुढच्या पिढ्यांची आठवण करून देई. पुढे पुढे तो दिसला की लोक काचा वर करू लागले. आपण एवढ्या तळमळीने सांगावे आणि यांनी काचा वर कराव्यात, या विचाराने त्याचा दिवसच्या दिवस नासत असे.

अशात गुरुजींच्या सायकलची चाके कामातून गेली. रिमला गंज चढला होता, तारा तुटल्या होत्या, टायरमधून धागे बाहेर आले होते. मागचे चाक तर वाकून इतके आऊट झाले होते की दर फेऱ्याला ब्रेकला घासून कण्हत असे. एके दिवशी उतारावर ते अडकले आणि गुरुजी पडले. गुडघा सुजला. तरी वस्तीवर जाणे त्यांनी थांबवले नाही. काठी टेकत पायी जाऊ लागले. परतायला उशीर होई आणि तोवर शिष्याचा जीव टांगणीला लागे.

शिष्य नव्या चाकांच्या शोधात निघाला. पण ज्या दुकानात जावे तिथला माणूस म्हणे, ही साईज बंद झाली, नवी गिअरची घेऊन टाका. सांगाडा शाबूत, हँडल शाबूत, चेन शाबूत. मग दोन चाकांपायी अख्खी सायकल भंगारात घालायची का, असे शिष्याने विचारले की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. जुनी वस्तू वापरत राहण्याएवढे सोपे पुण्य नाही, आणि नेमके त्याच्याच वाटेत एवढे काटे!

अखेर दूरच्या एका गावी, बंद पडत आलेल्या दुकानाच्या माळ्यावर त्याच मापाची एक जोडी निघाली. एसटीच्या टपावर टाकली तर तारा वाकतील, म्हणून शिष्याने ती सबंध प्रवासात मांडीवर घेतली आणि कंडक्टरपासून शेजारणीपर्यंत सर्वांची बोलणी खाल्ली. गुरुजींनी चाके हातात घेतली, बोटाने फिरवून पाहिली आणि सुरेख आहेत म्हणाले. त्या रात्री शिष्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी तो चाके बसवायला नट खोलायचे पाने घेऊन अंगणात आला, तर सायकल होती आणि नवी चाके नव्हती. चोरी झाली असे वाटून तो धावत फाटकाशी गेला. तेवढ्यात गुरुजीच काठी टेकत चढ चढून आले आणि म्हणाले, शोधू नकोस, चाके मी शेठना देऊन आलो.

आता हा शेठ कोण ते सांगितले पाहिजे, नाहीतर शिष्याचे पुढचे बोलणे वाजवीपेक्षा जास्त वाटेल. शेठ धान्याचा व्यापारी. घर आणि पेढी यांच्यात हाकेचे अंतर, तेही तो मोटारीने जाई. गुरुजींच्या प्रवचनाला यायचा तेव्हा ड्रायव्हर मोटारीत गारव्याला बसलेला असे आणि इंजिन आश्रमाच्या दारात घुरघुरत राही. एकदा शिष्याने त्याला भर सभेत उभे करून जाब विचारला होता. तेव्हा शेठ हसत म्हणाला होता की, काय करू, वडिलांची सायकल घरी पडून आहे, अगदी गुरुजींच्या सायकलसारखीच. पण तिची चाके गेली आणि त्या मापाची मिळत नाहीत, मिळाली असती तर उद्यापासून सायकलवर आलो असतो. सभा हसली. गुरुजी तेवढे हसले नव्हते.

"गुरुजी, ती सबब होती," शिष्य कसाबसा म्हणाला.

"म्हणून तर," गुरुजी पायरीवर टेकत म्हणाले. "मी चाकांवर गेलो काय आणि पायी गेलो काय, माझ्यामागे धूर नाहीच. माझ्या सायकलला नवी चाकं बसून गावातली हवा किती निवळणार होती? मी शेठना चाकं दिली नाहीत रे. त्यांची सबब काढून घेतली."

शिष्याने विचारले की, मग तुमच्या गुडघ्याचे काय? गुरुजींनी गुडघा दुखतो हे मान्य केले आणि तेल मागितले.

शिष्याने तेल आणून दिले आणि अबोला धरला. नंतर तो रोज बाजारात जाऊन पेढीसमोर उभा राहू लागला. मोटार यायची, शेठ उतरायचा. शिष्याला संताप येई, आणि खरे सांगायचे तर संतापाच्या पोटात एक बारीकसे समाधानही असे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय! तो आश्रमात येऊन अबोला मोडी, तो एवढे सांगण्यापुरता की आजही मोटारच. गुरुजी "बरं" म्हणत. त्यांच्या या "बरं"ने शिष्याचे डोके आणखीच फिरे. गुडघ्याची सूज मात्र रोज चालून चालून वाढत होती.

शेवटी एका सकाळी गुरुजींना पाय खाली टेकवेना, आणि तशातही ते काठी शोधू लागले. तेव्हा शिष्याचा तोल सुटला. तो म्हणाला, हा चांगुलपणा नव्हे, ही उधळपट्टी आहे. ज्याला गरज होती त्याची चाके काढून ज्याला कदर नाही त्याच्या गळ्यात घातली. आज ती परत मागून आणा, नाहीतर या आश्रमात माझे काही काम उरले नाही.

"दिलेलं मी मागत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "जायचं असेल तर अडवणार नाही. मात्र एक विचारतो, त्याचं उत्तर मला देऊ नकोस, वाटेत स्वतःला दे. तुला शेठ सायकलवर यायला हवे आहेत, की तुझ्या रागासाठी ते मोटारीतच बसायला हवे आहेत?"

हा काय प्रश्न झाला, असे मनात म्हणत शिष्याने गाठोडे बांधले आणि नमस्कार करून तो टेकडी उतरू लागला. इतकी वर्षे सेवा केली ती हे ऐकायला, या एका वाक्याशीच तो सारखा अडखळत होता.

पहिल्या वळणावर त्याला शेठ दिसला. विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, हात चेनच्या काळ्या तेलाने माखलेले. शेजारी वडिलांची ती जुनी सायकल, नव्या चाकांची, चेन उतरून लोंबत असलेली. शिष्याला पाहताच शेठचे तोंड एवढेसे झाले.

"बोला, काय बोलायचं ते बोलून घ्या," तो धापा टाकत म्हणाला. "गुरुजी त्या पायाने चाकं घेऊन दारात उभे राहिले, नाही कसं म्हणणार? पण अंग जड झालंय हो, तोलच राहत नाही. गोदामात दार लावून रोज चालवून बघत होतो आणि रोज पडत होतो. आज म्हटलं, निदान गुरुजींना दाखवून तरी येऊ."

शिष्याच्या जिभेवर एक चांगले झोंबरे वाक्य तयार होते. मोटारीला आज सुट्टी का, असे काहीसे. ते ओठापर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण आपल्याला संताप आला आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो कशाचा ते त्याला कळेना. इतकी वर्षे जे तो भर बाजारात मागत होता ते घामाघूम होऊन समोर उभे होते. मग कळले. शेठ सायकलवर आला, याचाच त्याला राग आला होता. गुरुजींनी शेठची सबब काढून घेतली होती, आणि शेठने नकळत शिष्याची. आता पेढीसमोर उभे राहून तो पाहणार तरी काय होता? त्याला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने गाठोडे खाली ठेवले आणि शेठला मागचे चाक जरा उचलून धरायला सांगितले. चेन बसवेपर्यंत त्याचेही हात तितकेच काळे झाले. शेठने विचारले, तुम्ही कुठे निघाला होतात? कुठेच नाही, असे म्हणून शिष्याने गाठोडे कॅरियरला बांधून टाकले.

"बसा," तो म्हणाला. "मी मागून धरतो."

"मी जड आहे हो."

"ठाऊक आहे मला," शिष्य म्हणाला, आणि दोन्ही हात लावून त्याने सायकल चढावर ढकलायला सुरुवात केली. शेठ डुगडुगत होता, शिष्याला दम लागत होता, आणि वर पायरीवर बसलेल्या गुरुजींनी हातातली काठी बाजूला ठेवली.

लोक सुधारावेत म्हणून ओरडणारे पुष्कळ असतात. एखादा खरेच सुधारायला निघाला की पहिल्या चढावर त्याला मागून धरायला माणूस लागतो, आणि नेमके तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जण रागावून टेकडी उतरत असतात.