गिऱ्ह्याचा वाटा

पाणखारचा बांध उघाडीपासून, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दारापासून, चालायला लागलात की साधारण मध्यावर पाय आपोआप चढणीला लागतो. बाकीचा बांध माणसाच्या छातीइतका, इथं मात्र डोक्याच्याही वर. रुंदी अशी की दोन बैल शेजारी शेजारी जातील. उजव्या हाताला खाडी आणि तिवरांची झाडं, डाव्या हाताला आमची भातखाचरं. बारा काठ्या लांबीच्या या तुकड्याला गाव गिऱ्ह्याचा वाटा म्हणतं. जपून चाला. घसरलात तर गिऱ्ह्यानं पाडलं म्हणू नका, इथं ती सोय नाही.

गिऱ्हा म्हणजे खाडीतलं भूत. देव नव्हे, पितर नव्हे, नवस फेडला म्हणून खूश होणारा नव्हे. माणसाचं वाईट करणं एवढंच त्याचं काम. शहरातली मंडळी त्याला सैतान म्हणतात आणि लगेच विचारतात, तो खरंच आहे की नुसतं प्रतीक? आमच्या शाळेतले गुरुजी म्हणतात प्रतीक. गुरुजींच्या मातोश्री म्हणतात खरा. एकाच घरात दोन मतं, आणि जेवण मात्र एकाच चुलीवर. तेव्हा आधी पदूबायची गोष्ट ऐका, मग ठरवा.

फार मागची गोष्ट आहे. तेव्हाही बांध असाच, मातीचा. तो तुटून खांड पडली की खाडीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढं तीन वर्षं भात धरत नाही. म्हणून बांधाचे वाटे घातलेले असत. ज्या घराचा जो वाटा, त्यानं तो पावसाआधी चिखल लिंपून नीट करायचा. आजही तसंच आहे. पण एके वर्षी गावात पटकी आली आणि एक घर पार बसलं, दिवा लावायलाही कोणी उरलं नाही. त्या घराचा वाटा म्हणजे तुम्ही उभे आहात तोच. गावानं ठरवलं, हा सगळ्यांनी मिळून सांभाळायचा. बारभाईंची शेती ती! सगळ्यांचा म्हणजे कोणाचाच नाही.

पुढं काही वर्षांनी तिथं खांड पडली. बुजवली, तर दुसऱ्या वर्षी पुन्हा तिथंच. तिसऱ्या वर्षी उधाणाला पुन्हा. बाकीचा बांध शाबूत आणि नेमका तेवढाच तुकडा जायचा. तेव्हा गाव म्हणायला लागलं, त्या निपुत्रिकाच्या वाट्यावर गिऱ्हा बसलाय. कोंबडी झाली, बकरं झालं. गिऱ्हा काही हलेना.

पदूबाय ही गावातली विधवा. हाडापेरानं मजबूत आणि जिभेला हाड नसलेली. एकुलता मुलगा मचव्यावर खलाशी, चार-चार महिने बाहेर. त्यानं खाडीपलीकडची मंजी बायको करून आणली. मंजी होडीतून या काठाला उतरली आणि त्याच पंधरवड्यात पहिली खांड पडली. पदूबायचं सगळं भात गेलं. रागाच्या भरात ती विहिरीवर चार बायकांत बोलून गेली, की या पोरीच्या पायानं गिऱ्हा आला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरी येऊन तिनं त्याच मंजीच्या हातची भाकर खाल्ली आणि बोललेलं विसरूनही गेली, असं सांगतात.

पण गाव विसरलं नाही. तिसऱ्या खांडीनंतर कमळू भगताच्या अंगात वारं आलं आणि त्याच्या तोंडून तेच शब्द निघाले. गिऱ्हा पलीकडून होडीत बसून आलाय, ज्या पायांनी आला त्याच पायांनी परत घालवा. गावकी बसली आणि निर्णय झाला. वैशाखातल्या अवसेला, दुपारच्या भरतीला मंजीला होडीत घालून पलीकडच्या काठावर सोडायचं. परत यायचं नाही. मूल गावाचं, ते इथंच राहील. मंजीची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती आणि आईच्या दुधाशिवाय दुसरं काही तोंडात घेत नव्हती.

पदूबायच्या पायाखालची वाळू सरकली. मुलगा तेव्हा मचव्यावर, दूर दर्यात. नात म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि सुनेवरही माया बसली होती, नुसती ती कधी तोंडावर आणली नव्हती. ती भगताकडे गेली, पाटलाकडे गेली, म्हणाली, मी रागात बोलले होते. ते म्हणाले, तू कशाला बोलशील, तुझ्या तोंडून देवी बोलली. आपलाच शब्द तिला आता मागं घेता येईना.

मग ती थेट गिऱ्ह्याकडेच निघाली. अवसेच्या आदल्या दिवशी, सकाळची ओहोटी होती. त्या जागी कोणी जायचं नाही असा भगताचा हुकूम, म्हणून नारळ पदराआड लपवून ती खाडीच्या बाजूनं चिखलातून गेली आणि तिवरांत दडून बसली. तिनं मनाशी ठरवलं होतं, गिऱ्हा दिसला की पाय धरायचे. म्हणायचं, मला ने, पण पोरीला सोड. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथं भ्यालेली बाई ब्रह्मराक्षसाच्या पाठी लागली होती.

ऊन वर आलं. गिऱ्हा आला नाही. आली ती शेजारची बाई, डोक्यावर रिकामी पाटी घेऊन. तिनं इकडं तिकडं पाहिलं, बांधाला हात जोडले, खाली वाकून बुडातला चिखल पाटीभर कापला आणि आपल्या वाट्याकडे गेली. थोड्या वेळानं दुसरी आली. मग एक बाप्या आला, मग खुद्द भगताची बायको. तिथला चिखल चिकट, लोण्यासारखा, आणि नको म्हणणारा मालक नाही. एका पाटीनं काय होतंय? प्रत्येकानं एकच पाटी नेली. हात मात्र प्रत्येकानं जोडले.

पदूबाय पाहत राहिली. म्हणे आधी तिला रागच आला, की थांबा, उद्या एकेकाचं नाव घेते. आणि मग तिला आठवलं, परवाच्या दिवशी आपण इथंच वाकलो होतो. गेल्या वर्षीही. त्याच्या आदल्या वर्षीही. ती उठून बांधाच्या बुडाशी गेली. आत माणूस बसेल एवढी पोकळी झाली होती. तिथं कुदळीचे घाव होते आणि माणसांच्या पायांचे ठसे होते. तिनं आपला पाय एका ठशात ठेवून पाहिला. तो तंतोतंत बसला. नारळ न फोडताच ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव बांधावर जमलं. होडी लागलेली, पाणी चढत होतं. मंजीनं मुलीला शेवटचं पाजलं आणि सासूच्या हातात दिलं. रडली नाही ती. बाई फार दुखावली की रडतही नाही. पदूबायनं नात घेतली आणि तशीच पुढं होऊन भगतासमोर उभी राहिली. म्हणाली, काल मी इथं येऊन बसले होते.

भगत चपापला. त्यानं विचारलं, "गिऱ्हा बघितलास काय?"

"बघितला."

भगतानं घाबरत विचारलं, कसा दिसतो? पदूबाय म्हणाली, "माझंच लुगडं नेसला होता. डोक्यावर पाटीही माझीच होती, आणि पाटीत या बांधाचा चिखल. भगत, ही पोर होडीतून आली तेव्हा तिच्यासंगं कोणी नव्हतं. गिऱ्हा इथं होता. माझ्या हातात होता आणि माझ्या जिभेवर होता."

एवढंच बोलली. आदल्या दिवशी पाहिलेल्यांपैकी एकाचंही नाव तिनं घेतलं नाही. शेजारणीचं नाही, भगताच्या बायकोचं नाही. घ्यायची गरजच नव्हती. जो तो खाली चिखलाकडे बघत होता.

पदूबायनं नात मंजीच्या कडेवर परत दिली आणि ती आपल्या वाट्यावर गेली. भर उधाणाची वेळ, आणि या बाईनं स्वतःच्या बांधाचा माथा कापायला घेतला. लोक ओरडले, तुझं शेत जाईल. तिनं ऐकलं नाही. पाटी भरून आणली आणि या पोकळीत टाकली. दुसरी आणली. तिसरी आणताना पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

तेव्हा भगताची बायको पुढं झाली. नवऱ्याकडे न बघता तिनं आपल्या वाट्यावरून पाटीभर चिखल कापून आणला, म्हणाली "ही माझ्या हातची," आणि टाकला. मग शेजारीण. मग सगळेच. ज्यानं त्यानं आपल्या बांधातून कापायचं, मोठ्यानं कबूल करायचं आणि इथं आणून टाकायचं. शेवटी कमळू भगतही आला. पाणी बांधाच्या काठाला लागलं, घटकाभर तसंच थांबलं आणि उतरलं. हा तुकडा टिकला. पदूबायचा वाटा मात्र पाण्यानं वाहून नेला आणि तिच्या शेतात खाडी शिरली. संध्याकाळच्या ओहोटीला सगळं गाव तिचा वाटा बांधायला उतरलं.

मंजी कुठं गेली नाही, इथंच नांदली. पदूबायनं तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली म्हणे, "आये, बांध बुजला. पण तू विहिरीवर बोललीस ते मला अजून ऐकू येतं." पुढं नात मोठी झाली, तिच्या पाठीवर भाऊ झाला, आणि त्याचं लग्न ठरलं तेव्हा पदूबाय फार थकली होती. नातसून दारात आली त्या दिवशी काठी टेकत ती बांधावर गेली आणि तिनं जे केलं ते गावानं उचललं.

त्या उधाणापासून दर फाल्गुनात पहिली पाटी प्रत्येक घर इथंच टाकतं, म्हणून हा तुकडा एवढा चढलाय. गुरुजी टाकतात, त्यांच्या मातोश्रीही टाकतात. आणि पदूबायनं केलं तसंच आजही पाणखारात नवी सून आली की तिला उंबऱ्याबाहेर थांबवतात. सासू नेसत्या लुगड्यानिशी बांधावर येते, चिखलाची पाटी या वाट्यावर रिती करते, परत जाऊन चिखलाच्या हातांनीच सुनेचा हात धरते आणि सगळ्यांच्या देखत म्हणते, "या घरात पुढं काही वाईट आलं, तर ते माझ्याकडून आलं असेल. तू आत ये."